पश्चात असा परिवार आहे

वर्तमानपत्र हाती आलं की मी आधी आतल्या पानाच्या तळाशी जातो. तिथे निधनवार्ता असतात, चार-पाच ओळींच्या. गेली बावीस वर्षं त्या कापून मी वह्यांत चिकटवतो आहे. अकरा वह्या भरल्या. आई होती तोवर तिची एकच अट होती, या वह्या देवघराच्या भिंतीला लागून ठेवायच्या नाहीत. ती मी आजही पाळतो. तिचं स्वतःचं कात्रण सातव्या वहीत आहे.

निधनवार्ता मी शेवटाकडून वाचतो. ‘त्यांच्या पश्चात पत्नी, तीन मुले, दोन मुली, सुना, जावई, नातवंडे असा परिवार आहे.’ साध्या माणसाचं अख्खं घर छापील अक्षरांत दोनदाच दिसतं: लग्नपत्रिकेत आणि इथे. पत्रिकेत मानपान सांभाळायचा असतो, कुणाचं नाव वर नि कुणाचं खाली यावरून रुसवे होतात. इथे फक्त मागे कोण उरलं ते सांगायचं असतं.

या एका वाक्यावर मी तासभर बोलू शकतो. त्यात ‘पतवंडे’ आली की गेलेल्या माणसाने पोटभर आयुष्य पाहिलं. ‘मोठा परिवार’ म्हटलं की वार्ताहराला यादी पुरी करायला जागा पुरली नाही. ‘भाऊ, भावजय, पुतणे’ एवढंच असलं तर माणूस बहुधा एकटा राहिलेला असतो, आणि भावजयीने त्याला शेवटपर्यंत जेवू घातलेलं असतं. पण वाक्याची सुरुवातच ‘आई, वडील’ अशी झाली, की वय बघायची गरज उरत नाही. कुणीतरी तरुण गेलेलं असतं. अशी कात्रणं चिकटवताना डिंकाचं बोट बराच वेळ तसंच राहतं.

याच वाक्याच्या मागोमाग येतं, ‘अमुक यांचे ते वडील होत.’ ज्याने उभा जन्म मुलाला ओळख मिळवून देण्यात घालवला, तो शेवटी मुलाच्या नावाने ओळखला जातो. यात मला वाईट वाटत नाही. कित्येक बापांना हेच हवं असतं. वाईट वाटतं ते मथळ्याचं. ‘अमुक यांना मातृशोक.’ गेली आई, आणि मथळ्यात नाव मुलाचं! तिचं नाव तिसऱ्या ओळीत, तेही कधी ‘कै. तमुक यांच्या पत्नी’ या शब्दांच्या आडून. तिच्या मृत्यूची बातमीसुद्धा तिच्या नावाने सुरू होऊ नये, हा अन्याय आहे, आणि मी भेटेल त्या उपसंपादकाला तो बोलून दाखवतो. दोघांनी ऐकलं. बाकीच्यांनी जागेची अडचण सांगितली.

जालन्यात माणूस गेल्याची खबर पसरण्याच्या तऱ्हाही किती! गांधी चमन चौकाकडे जाताना ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चे फ्लेक्स दिसतात. मारवाडी घरी उठावण्याची वेळ कळवली जाते, बौद्ध वस्तीत पुण्यानुमोदनाची पत्रिका येते, मुस्लिम मोहल्ल्यात जियारतीचा निरोप फिरतो, बाकी घरांतून तेरवीचा. प्रत्येक कागदावर तळाशी नावांची रांग असते: शोकाकुल.

ज्यांच्यासाठी अशी रांग कुठेच लागली नाही, त्यांच्याकरता थोडं आडवाटेने असईला जाऊन येतो. केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यातलं हे गाव आपल्याच जिल्ह्यात आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजांची इंग्रज सेनानी आर्थर वेलस्लीशी गाठ पडली. इंग्रजांनी आपले मेलेले मोजले: ४२८. त्यांच्या घोडदळाचा प्रमुख कर्नल मॅक्सवेल पडला, त्याचं नाव इतिहासात राहिलं. शिंद्यांचे गोलंदाज तोफा न सोडता तोफांपाशीच कापले गेले, अशी कबुली शत्रूच्याच लेखनात सापडते. पण त्यांच्या आकड्याचे नुसते अंदाजच सापडतात. मी असईला तीनदा गेलो. प्रत्येक वेळी शेताच्या बांधावर उभा राहिलो आणि मनात एकच आलं, या गोलंदाजांच्या पश्चात कोण होतं? कुठल्या गावात, कुठल्या उंबऱ्यावर किती दिवस वाट पाहिली गेली?

मागे कोण उरलं हा प्रश्न आज जालन्याच्या एमआयडीसीपाशी, म्हणजे औद्योगिक वसाहतीपाशी, का येऊन ठेपतो ते सांगायला थोडी पार्श्वभूमी हवी, ती उरकतो. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण व्यापारपेठेच्या काळातली. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको ही बियाणे कंपनी काढली आणि बियाण्यांमुळे गाव देशभर पोचलं. त्यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला. पुढे पोलादाचे कारखाने वाढले. भंगार भट्टीत वितळतं, त्याचे बिलेट म्हणजे ठोकळे होतात, रोलिंग मिलमध्ये लाल तापलेल्या बिलेटची सळई निघते. भट्टीजवळच्या कामाला बिहार, उत्तर प्रदेशातून पोरं येतात. बारवाले २०१७ साली गेले तेव्हा वर्तमानपत्रांनी रकानेच्या रकाने दिले, आणि ते योग्यच होतं.

भट्टीवरच्या या पोरांतला कुणी गेला तर मात्र बातमी निधनवार्तेत येत नाही. ती गुन्ह्यांच्या पानावर येते. नाव, वय, ‘रा. बिहार, ह. मु. चंदनझिरा’, आणि शेवटी ‘आकस्मिक मृत्यूची नोंद करण्यात आली.’ पश्चातचं वाक्य नाही. माझ्या अकरा वह्यांत अशी एकेचाळीस कात्रणं आहेत. हल्ली मुक्काम छापायला दोन अक्षरं पुरतात. आईसाठीही दोनच लागली असती.

खरं तर कायद्याला हे ‘पश्चात’चं वाक्य कधीपासून पाठ आहे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने मृताचे अवलंबित कोण याची यादीच दिली. विधवा, अज्ञान मुलगा, अविवाहित मुलगी, विधवा आई, इतक्यांना आपण त्याच्या कमाईवर जगत होतो हे सिद्ध करायला लागू नये, असं त्यात होतं. पुढे त्याच्यावर विसंबलेली विधवा सूनही होती, आणि मृताचे आई-बाप हयात नसतील तर आजा-आजीही. इतकी सविस्तर निधनवार्ता मी दुसरीकडे वाचलेली नाही. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने ठेकेदाराला बजावलं, की कामगार अपघातात गेला तर दोन्ही राज्यांच्या अधिकाऱ्यांना कळवा आणि त्याच्या जवळच्या नातलगालाही कळवा.

चार हिवाळ्यांपूर्वी अशाच एका पोराचं कात्रण कापलं आणि मला राहवेना. एमआयडीसीजवळच्या चंदनझिऱ्याला गेलो. एका खोलीत आठ जण, दोन पाळ्या, म्हणून अंथरुणं चारच. मी कोण, कशाला आलो, हे त्यांना पटायला चहाचे दोन कप गेले. सोबत राहणाऱ्यांना त्याचा पगार माहीत होता, तब्येत माहीत होती, तो झोपेत काय बडबडायचा तेही माहीत होतं. मुलं किती, हे दोघांनी दोन तऱ्हेनं सांगितलं. अखेर त्याच्या गावचा एक जण पाळी संपवून आला, त्याने फोन लावला आणि मी लिहून घेतलं.

ओळखीच्या उपसंपादकाने तेरवीच्या दिवशी पाच ओळी निधनवार्तेत छापल्या. माझ्या हट्टाखातर मुलींची नावंही घातली, जी एरवी कुणी घालत नाही. मी दहा अंक घेऊन खोलीवर गेलो. एक कात्रण गावी निघालेल्याच्या पिशवीत गेलं, एक भिंतीवर पाळ्यांच्या कागदाशेजारी लागलं. मग त्याच्या गावच्या माणसाने फोन लावला आणि मराठी मजकूर अडखळत त्याच्या बायकोला वाचून दाखवला. तिला मराठी येत नव्हतं. ‘त्यांच्या पश्चात’पर्यंत पलीकडे काहीच आवाज नव्हता. नावं सुरू झाली तसा प्रत्येक नावाला हुंकार येऊ लागला. धाकटीचं नाव आल्यावर तिने ते पुन्हा वाचायला सांगितलं.