होम थिएटर बदलताना जुने स्पीकर टाकू नका

दसरा-दिवाळी जवळ आली, की जुने होम थिएटर मोडीत काढून नवे आणण्याचे बेत अनेक घरांत सुरू होतात. भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर चित्र लख्ख दिसते, परंतु संवाद कळत नाहीत, अशी घरातील ज्येष्ठांची तक्रार असते. टीव्ही जसजसे सडपातळ झाले, तसतशी त्यांतील स्पीकरची जागा आक्रसली आणि त्यांची तोंडे खाली किंवा भिंतीकडे वळली, हे त्याचे साधे कारण. दुकानदार साहजिकच संपूर्ण नवा संच सुचवतो. वास्तविक घरात पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे बरे स्पीकर असतील, तर यातील बराचसा खर्च टाळता येतो.

स्पीकर म्हणजे चुंबक, तारेचे वेटोळे आणि कागदाचा वा प्लास्टिकचा पडदा. चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या अमेरिकी अभियंत्यांनी १९२५ मध्ये मांडलेल्या रचनेवरच आजचे बहुतेक स्पीकर चालतात. पडद्याभोवतीची फोमची कडा मात्र दमट हवेत कुजते. बोट लावताच तिचा भुगा होत असेल, तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत चौकशी करावी. कडा बदलून मिळाली, तर नवा स्पीकर घेण्याची गरज राहत नाही.

खऱ्या अर्थाने कालबाह्य होतो तो अ‍ॅम्प्लिफायर किंवा रिसीव्हर. २००९ मध्ये आलेल्या एचडीएमआय १.४ पासून ‘एआरसी’ ही सोय उपलब्ध झाली. तिच्यामुळे टीव्हीतील आवाज त्याच केबलमधून उलट रिसीव्हरकडे जातो. जुन्या रिसीव्हरला ही सोय नसली, तरी ऑप्टिकल केबलमधून डॉल्बी डिजिटलचे ५.१ ध्वनी मिळू शकतात. मात्र अनेक घरांत टीव्हीच्या ध्वनीची निवड ‘पीसीएम’वर राहिलेली असते आणि त्यामुळे ऑप्टिकल केबलमधून दोनच वाहिन्या बाहेर पडतात. ती ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘डॉल्बी डिजिटल’वर नेण्यास एक पैसाही लागत नाही.

नवा रिसीव्हर घ्यायचाच ठरला, तर वॉटच्या आकड्यांना भुलू नये. खोक्यावर ‘पीएमपीओ’चे हजारो वॉट छापलेले असतात आणि मागच्या पट्टीवर विजेचा वापर जेमतेम ६० वॉट लिहिलेला असतो! जेवढी वीज आत जाते, त्याहून अधिक शक्ती सतत बाहेर येणे शक्य नाही. विचारायचा तो ‘आरएमएस’ आकडा. शिवाय शक्ती दुप्पट झाली, तरी आवाज वाढतो केवळ ३ डेसिबलने. कानाला तो दुप्पट वाटण्यासाठी सुमारे दहापट शक्ती लागते. त्याऐवजी मधला स्पीकर शोकेसच्या खणातून बाहेर काढून बसणाऱ्याच्या कानाकडे वळवावा, समोर सतरंजी आणि खिडकीला जाड पडदा लावावा. संवादांतील फरक त्याच संध्याकाळी जाणवतो.

स्वयंपाकघरात आणि शयनगृहातही संगीत हवे असेल, तर खरी काळजी पुढे घ्यावी लागते. प्रस्तुत प्रतिनिधीने ती घेतली नाही. दिवाणखान्यातील स्पीकरच्या जोडीला त्याच टोकांवर स्वयंपाकघरातील जोडी बिनदिक्कत जोडली आणि तासाभरात जळका वास आला. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले, की रोध ४ ओहम उरतो आणि तेवढ्याच व्होल्टेजला विद्युतप्रवाह दुप्पट होतो. अनेक रिसीव्हरच्या मागे किमान ६ ओहमची मर्यादा लिहिलेली असते, ती वाचण्याचे कष्ट घेतले असते तर दुरुस्तीचे पैसे वाचले असते. रोध सांभाळणारा स्पीकर सिलेक्टर मध्ये घालावा किंवा त्या खोलीसाठी छोटा स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर ठेवावा. खोक्यातून एकत्र मिळणाऱ्या संचांचे स्पीकर बरेचदा ३-४ ओहमचे असतात. ते नव्या रिसीव्हरला लावण्यापूर्वी मागचा आकडा पाहणे आवश्यक आहे.

तारेवर फार खर्च नको. १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची साधी तार १० मीटर नेली, तर जाऊन-येऊन रोध जेमतेम पाव ओहम वाढतो. घरगुती विजेच्या नळीतून मात्र ती कदापि ओढू नये.

भिंती फोडायच्या नसतील, तर वायफायवर चालणारी उपकरणे सोयीची. ब्लूटूथने वेगवेगळ्या खोल्यांतील आवाज एकमेकांच्या मागे-पुढे पडण्याची शक्यता असते. परंतु अशा उपकरणांचे आयुष्य उत्पादकाच्या मर्जीवर असते. जुन्या स्पीकरना वायफायवर आणणारे गुगलचे ‘क्रोमकास्ट ऑडिओ’ २०१५ मध्ये आले, २०१९ मध्ये त्याचे उत्पादन थांबले आणि मार्च २०२५ मध्ये डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपल्याने ते काही दिवस अनेक घरांत मुके झाले. भाड्याच्या घरात ही जोखीम पत्करावी. स्वतःच्या घरात रंगकाम निघालेच, तर तार टाकून घ्यावी.

सबवूफरचा घुमारा मात्र स्लॅबमधून खालच्या मजल्यावर पोहोचतो. तो कोपऱ्यातून थोडा पुढे आणून खाली जाड रबर घालावे. रात्रीसाठी अनेक रिसीव्हरमध्ये ‘नाइट मोड’ असतो. त्यात स्फोटांचे आवाज दबतात, हलके संवाद वर येतात आणि शेजाऱ्यांना न उठवता आजीलाही चित्रपट पुरता ऐकता येतो.