एकच व्हिडिओ, अनेक पडदे

बडोद्यात मोठ्या टीव्हीवर आणि बेळगावजवळच्या खेड्यात साध्या मोबाइलवर एकच व्हिडिओ चालतो. हे कसं जमतं आणि कुठे अडतं, ते आज पाहू.

व्हिडिओ अपलोड झाला की प्लॅटफॉर्म त्याच्या अनेक प्रती तयार करतो: १४४पी, ३६०पी, ७२०पी, १०८०पी. हा आकडा म्हणजे चित्रातल्या आडव्या ओळी. प्रत्येक प्रतीचे काही सेकंदांचे तुकडे पाडतात आणि त्यांची एक यादी बनवतात. तुमचा प्लेअर ती यादी वाचून एकेक तुकडा मागवतो. नेट मंदावलं की पुढचा तुकडा हलक्या प्रतीतून घेतो, वेग आला की पुन्हा वर जातो. म्हणून चित्र मध्येच धूसर होतं, पण सहसा थांबत नाही. अ‍ॅपलने २००९ मध्ये आणलेली एचएलएस ही याच प्रकारची पद्धत.

खर्चाचा हिशेबही बघा. सेकंदाला ३ मेगाबिटची प्रत तासाला सुमारे १.३५ जीबी डेटा खाते, ३०० किलोबिटची फक्त १३५ एमबी. रोजचा डेटा मोजका असेल, तर सेटिंगमध्ये स्वतः हलकी प्रत निवडा.

हे सगळं यंत्र करतं. पण यंत्र नेटचा वेग ओळखतं, बघणाऱ्याची गरज नाही. ज्याला ऐकू येत नाही, त्याला १०८०पीचा काय उपयोग? त्याला कॅप्शन हवीत. तीही वेगळ्या फाइलमध्ये द्यावीत, म्हणजे अक्षर मोठं करता येतं. चित्रातच छापलेली अक्षरं वाढत नाहीत. हैदराबादेत वाढणाऱ्या मराठी मुलांनाही याच कॅप्शनमुळे मराठी वाचनाची सवय लागू शकते.

आपोआप आलेली कॅप्शन मात्र तपासल्याशिवाय सोडू नका. औषधाच्या व्हिडिओत ‘पाव गोळी’चं ‘पाच गोळी’ झालं तर?

दृष्टिहीनांसाठी तर बोलण्याची पद्धत बदलली तरी पुष्कळ झालं. ‘इथे दाबा’ऐवजी ‘उजवीकडे खाली, ‘पुढे’ लिहिलेलं बटण दाबा’ म्हणा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्येही कॅप्शन, सांकेतिक भाषा आणि ध्वनिवर्णनाचा उल्लेख आहे.

व्हिडिओ टाकण्याआधी दोन गोष्टी करा. एकदा आवाज बंद करून बघा, एकदा डोळे मिटून ऐका. दोन्ही वेळा अर्थ लागला, तर तुमचं काम झालं. भेटू पुढच्या भागात.