रिकामा ठेवलेला रकाना

बँकेत सदतीस वर्षं नोकरी केली. त्यातली निम्म्याहून अधिक कर्ज विभागात गेली. अपुरा भरलेला अर्ज परत करण्याची माझी म्हणे एक खास पद्धत होती. जुने सहकारी अजून तिची नक्कल करून दाखवतात. अर्जदाराकडे बघायचं नाही, चष्म्याच्या वरून फक्त त्या रिकाम्या रकान्याकडे बघायचं, तिथे पेन्सिलीनं फुली मारायची आणि कागद पुढे सरकवायचा. ‘इतर बँकांकडील देणी’ हा रकाना लोक हमखास विसरत. माणूस जो रकाना विसरतो तिथेच त्याचं दुखणं असतं, हे मी नव्या पोरांना शिकवत असे.

तर असा मी, गेल्या वर्षी पुण्यातल्या एका दंतवैद्याच्या दवाखान्यात मांडीवर फॉर्म घेऊन बसलो होतो. उजवीकडची खालची दाढ काढायची होती. नाव, वय, पत्ता सगळं सुवाच्य अक्षरात लिहिलं. पुढचा प्रश्न होता : मधुमेह आहे का? असल्यास कोणती औषधं घेता? मला अकरा वर्षं मधुमेह आहे. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन या दोन गोळ्या रोज सकाळी नेमानं घेतो. मी तो रकाना रिकामा सोडला आणि फॉर्म काउंटरवरच्या मुलीला दिला. तिनं फुली मारली नाही.

हे का केलं, ते सांगायचं तर १९७८ सालात जावं लागेल.

माझ्या आईला मधुमेह होता. आम्ही तेव्हा वाईला राहत होतो. घरी रक्तातली साखर तपासण्याची सोय नव्हती. आई सकाळी परीक्षानळीत बेनेडिक्टचं निळं द्रावण घ्यायची, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायची आणि स्पिरिटच्या दिव्यावर ते उकळायची. निळं राहिलं तर उत्तम, हिरवं झालं तर थोडी साखर, मग पिवळं, नारिंगी, आणि विटकरी झालं की दिवसभर घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. त्या वर्षी तिची खालची दाढ दुखायला लागली. गावातल्या डॉक्टरांनी सांगितलं, ‘आधी साखर खाली आणा, मग दाढ काढू.’ आमच्या घरानं त्या वाक्याचा पहिला भाग ऐकलाच नाही. ‘साखरवाल्यांचा दात काढत नाहीत, जखम भरत नाही,’ एवढंच आत्या-काकूंच्या तोंडी राहिलं. लवंगेचं तेल झालं, तुरटीच्या गुळण्या झाल्या. पंधरा दिवसांनी हनुवटीखाली सूज आली, ती गळ्यापर्यंत उतरली. पुण्याला नेईपर्यंत तिला थुंकीही गिळता येत नव्हती. नवव्या दिवशी ती गेली. मी एकोणीस वर्षांचा होतो.

खालच्या मागच्या दाढांची मुळं जिभेखालच्या स्नायूच्याही खाली पोहोचतात. तिथला पू जबड्यातून आत फुटला, तर तो थेट गळ्याच्या पोकळीत उतरतो आणि श्वास कोंडतो. लुडविग या जर्मन डॉक्टरनं १८३६ साली या आजाराचं वर्णन केलं होतं आणि तो त्याच्याच नावानं ओळखला जातो, हे मी आई गेल्यावर चाळीस वर्षांनी वाचलं. माझ्या पहिल्या कादंबरीतली आई साध्या तापानं जाते. दाढेनं माणूस मरतो हे वाचकाला खोटं वाटेल, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं होतं. खरं कारण वेगळं होतं. तिला दवाखान्यात नेण्याइतका मी मोठा झालेलो होतो.

म्हणून तो रकाना. मधुमेह लिहिला तर ‘आधी साखर खाली आणा’ म्हणून परत पाठवतील, आणि मग माझ्याही हनुवटीखाली... असा तो विचार होता. त्याला विचार म्हणणंही धाडसाचंच.

दुसरा शहाणपणाही माझाच. शेजाऱ्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांना रात्रीपासून उपाशी ठेवलं होतं. भूल म्हणजे उपास, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं. वेळ होती दुपारी साडेबाराची. सकाळी साडेसातला सवयीनं गोळ्या घेतल्या, बिनसाखरेचा चहा घेतला आणि बाकी काही खाल्लं नाही. बायकोनं पोहे पुढे केले, तर ‘भूल द्यायचीय’ म्हणून तिला गप्प केलं.

आत बोलावेपर्यंत सव्वा वाजला. डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची. इंजेक्शन सफाईनं दिलं. पाच मिनिटांत अर्धा ओठ आणि अर्धी जीभ माझी उरली नाही. त्यानंतर शर्ट पाठीला चिकटला. हात थरथरायला लागले, छातीत धडधडू लागलं. तिनं खुर्ची आडवी केली आणि विचारलं, ‘काका, घाबरलात का?’ मला भयंकर राग आला. मी म्हणे तिला दरडावून विचारलं, ‘व्हाउचरवर सही कुणाची आहे?’ मला यातलं काही आठवत नाही. बाहेरून बायको धावत आली ते आठवतं. ‘अहो डॉक्टर, यांनी सकाळपासून काही खाल्लेलं नाही, आणि गोळी घेतलीय.’

‘कसली गोळी?’

बोट टोचलं. साखर ४८ निघाली. ७० च्या खाली गेली की उतरली म्हणतात. मी शुद्धीवर होतो, गिळू शकत होतो, म्हणून ग्लुकोज पाण्यात कालवून घोट घोट पाजलं. त्यातलं निम्मं बधिर ओठातून शर्टावर सांडलं. (शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात असलं काही ओतायचं नसतं, ते श्वासनलिकेत जातं. त्याला ग्लुकोज शिरेतून द्यावं लागतं.) पंधरा मिनिटांनी ८१. दाढ त्या दिवशी निघाली नाही.

ती रागावली नाही, हेच जास्त लागलं. माझ्या समोर स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, ‘काका, तुम्ही सांगितलं असतंत तर मी तुम्हाला सकाळी नऊची वेळ दिली असती, आणि नाश्ता करून या म्हटलं असतं.’

एवढंच. ज्या वाक्याच्या भीतीनं मी खोटं बोललो, ते वाक्य तिच्या मनातही नव्हतं.

मग तिनं जे समजावलं, ते मी घरी येऊन, जुन्या सवयीनं, वहीत उतरवून काढलं. उपास असतो तो पूर्ण भुलीसाठी. बेशुद्धीत पोटातलं अन्न उलटून फुप्फुसात जाऊ नये म्हणून. तिथे गोळ्या आणि इन्शुलिनचा हिशेब भूलतज्ज्ञ आधी मांडून देतात, काही नव्या गोळ्या तर तीन-चार दिवस आधी बंद करायला सांगतात. दाढेला देतात ती नुसती जागा बधिर करणारी भूल. तिला उपास नाही, उलट नेहमीचं खाणं आणि नेहमीचं औषध हवं. माझ्या दोन गोळ्यांतली मेटफॉर्मिन एकटी सहसा साखर फार उतरवत नाही. ग्लिमेपिराइड मात्र, पोटात अन्न असो-नसो, स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते. माझा उपास तिला माहीत नव्हता.

ते औषध म्हणजे लिग्नोकेन, १९४३ साली स्वीडनमध्ये तयार झालेलं. त्यात बहुधा थोडं ॲड्रिनलिन मिसळलेलं असतं. रक्तवाहिन्या आकसतात, रक्त कमी जातं, बधिरपणा टिकतो. ॲड्रिनलिननं साखर चढते हे खरं, पण ८० हजारांत एक भाग इतकं ते विरळ असतं. ताब्यात असलेल्या मधुमेह्याला एवढ्यानं सहसा काही होत नाही. साखर बेताल असली किंवा हृदयविकार असला, तर डॉक्टर प्रमाण कमी करतात किंवा वेगळं औषध निवडतात. त्यासाठी त्यांना माहीत असावं लागतं. भीतीनं येणारी घेरी, ॲड्रिनलिनची धडधड आणि साखर उतरणं, तिन्हींत माणूस घामाघूम होऊ शकतो. तिघांचे उपाय वेगळे. रिकामा रकाना बघून डॉक्टरनं भीती धरली, यात तिची काय चूक?

आणि जखम? साखर चढलेली असली की ती उशिरा भरते, कारण पांढऱ्या पेशी सुस्तावतात. पण दाढेतला पू स्वतःच साखर चढवत असतो. म्हणजे साखर उतरत नाही म्हणून दाढ काढायची नाही, आणि दाढ आहे म्हणून साखर उतरत नाही. ज्या कामाला घाई नाही ते थांबवता येतं. पू थांबत नाही. तेव्हा साखर आणि पू, दोन्हींवर एकाच वेळी उपचार करायचे असतात. हे ऐकताना मी खिडकीबाहेर बघत होतो. वाईच्या त्या डॉक्टरांनी कदाचित हेच सांगितलं असेल, आणि आम्ही अर्धं ऐकून घरी आलो असू.

दहा दिवसांनी पुन्हा गेलो. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांची चिठ्ठी, तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारा अहवाल आणि गोळ्यांची पाकिटं, सगळं फाइलमध्ये. रक्त पातळ होण्यासाठी मी ॲस्पिरिनही घेतो. ती स्वतःच्या मनानं बंद करू नका, असं दोन्ही डॉक्टरांनी बजावलं होतं. साडेसातला दोन पोळ्या आणि भाजी खाल्ली. बायकोनं पर्समध्ये साखरेची डबी टाकली. खुर्चीत बसल्यावर आधी बोट टोचलं : १३८. दाढ बारा मिनिटांत निघाली. बधिरपणा उतरेपर्यंत चावून खायचं नाही, ओठ चावला तरी कळत नाही, म्हणून दुपारी ताक आणि मऊ भात. जखम भरायला तीन आठवडे लागले. बायकोची भरली होती दोन आठवड्यांत.

त्या दिवशी फॉर्म नव्यानं भरायला मागून घेतला होता. सगळे रकाने भरले. मधुमेहाच्या प्रश्नापुढे जागा पुरेना, तेव्हा समासात लिहिलं. काउंटरवरच्या मुलीनं तो वरून खालपर्यंत वाचला आणि माझ्याकडे न बघता परत पुढे सरकवला.

‘तारीख राहिलीय, काका.’