गोळीवरची पकड

1884 साली जॉन बार्लो यांनी अमेरिकेत 'आयडियल' कंपनी काढली. तिच्या पक्कडवजा हत्याराने शिकारी घरच्या घरी काडतुसं भरत. त्या पिढीची सारी भिस्त क्रिंपवर, म्हणजे काडतुसाच्या पितळी पुंगळीची कड गोळीवर आत मुडपण्यावर होती, आणि ते रास्तच होतं. विंचेस्टर कंपनीच्या 1894 च्या रायफलीत काडतुसं मॅगझिनच्या नळीत एकामागे एक बसत. प्रत्येक बाराच्या धक्क्याने आणि स्प्रिंगच्या रेट्याने गोळी आत सरकू पाही. ती सरकली की दारूची जागा आकसते आणि दाब वाढतो. म्हणून गोळीला खाच पाडायची आणि कड त्या खाचेत बसवायची.

या इतिहासातला सर्वांत मोलाचा धडा मात्र, माझ्या मते, हिंदुस्थानातल्या तबेल्यांत मिळाला. पावसाळ्यात ब्रिटिश फौजेची काडतुसं तिथे ठेवली जात आणि उघडीप होईपर्यंत अनेक पुंगळ्या तडकलेल्या असत. त्याही विशेषतः गोळी आवळलेल्या जागी. 1921 मध्ये मूर, बेकिनसेल आणि मॅलिन्सन यांनी उलगडा केला: घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि थंड पितळ ओढून घडवताना त्यात कोंडून राहिलेला ताण, दोन्ही मिळून पितळ फोडत होते. ठोकून कडक झालेलं भांडं तांबट पुन्हा तापवतो, तशीच पुंगळीही बेताने तापवली की हा ताण उतरतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर घरी काडतुसं भरण्याचा छंद फोफावला. अमेरिकेत हॉजडन या विक्रेत्याने लष्कराची उरलेली दारू विकली, 1949 मध्ये हॉर्नडी कंपनीच्या गोळ्या आल्या. नळीचं मॅगझिन नसलेल्या बोल्ट-ॲक्शन रायफलीने बाकावरून नेम साधणाऱ्यांना क्रिंप खटकू लागला. पुंगळी जरा लांब निघाली की तिची कड जास्त आवळते. फारच लांब असेल तर पुंगळीचा उतरता खांदा फुगतो आणि काडतूस चेंबरमध्ये जातच नाही. त्यांनी क्रिंप सोडला आणि पुंगळीच्या मानेचं, म्हणजे गोळी बसते त्या अरुंद तोंडाचं, माप धरलं. मान गोळीपेक्षा इंचाच्या एक-दोन हजारांश भागांनी अरुंद ठेवली की पितळाचा लवचीकपणाच गोळी धरतो. पण तीच पुंगळी पुनःपुन्हा भरली की मान कडक होते, साच्यातून निघताच थोडी उसळून मोकळी होते आणि प्रत्येक पुंगळीची पकड वेगळी पडते. मग नुसतं माप पुरत नाही. मान तापवावी लागते.

नळीच्या मॅगझिनची रायफल वापरणारे आजही क्रिंप सोडत नाहीत, आणि त्यांनी तो सोडूही नये.