सोळा मिलिसेकंद

बोटाने पडदा सरकवला की यादी बोटाला चिकटल्यासारखी वर गेली पाहिजे. अनेक फोनचा पडदा सेकंदाला 60 वेळा चित्र बदलतो, म्हणजे एका चित्रासाठी हाती जेमतेम 16 मिलिसेकंद. तेवढ्यात काम उरकले नाही तर यादी अडखळते, आणि कारण कळले नाही तरी बोटाला ते जाणवतेच.

नेटिव्ह ॲप त्या त्या फोनसाठी वेगळे लिहितात, आयफोनला स्विफ्टमध्ये, अँड्रॉइडला कॉटलिनमध्ये. मेहनत दुप्पट, चाचण्याही दुप्पट. वेब ॲप एकदाच लिहायचे. ब्राउझर असेल तिथे ते चालते. पण पानाची मांडणी आणि जावास्क्रिप्ट ही दोन्ही कामे बहुतांशी एकाच रांगेत उभी असतात. एक रेंगाळले की दुसरे खोळंबते.

फेसबुकचे आयफोनवरचे जुने ॲप बाहेरून ॲप होते, आत मात्र बरेचसे वेब पानच. त्यात एक मेख होती. ॲपलने 2011 मध्ये सफारीला जावास्क्रिप्टचे वेगवान इंजिन दिले, पण इतर ॲपच्या पोटात उघडणाऱ्या पानांना ते 2014 पर्यंत मिळाले नाही. म्हणजे तेच पान सफारीत चपळ आणि ॲपमध्ये सुस्त! फेसबुकच्या अभियंत्यांनी कितीही घाम गाळला तरी हे इंजिन बदलणे त्यांच्या हातात नव्हते. ऑगस्ट 2012 मध्ये कंपनीने ते ॲप नेटिव्ह पद्धतीने नव्याने लिहिले. पुढच्याच महिन्यात मार्क झुकरबर्ग यांनी एचटीएमएल5वर, म्हणजे वेब पानांच्या तंत्रावर, नको इतकी भिस्त ठेवणे ही मोठी चूक होती, असे जाहीरपणे मान्य केले.

बेंगळुरूच्या फ्लिपकार्टचा प्रवास उलटा झाला. 2015 मध्ये मोबाइल संकेतस्थळ बंद करून त्यांनी ग्राहकांना ॲपकडे वळवले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘फ्लिपकार्ट लाइट’ हे वेब ॲप आणले. मेमरी भरलेल्या फोनवर आणि रडतखडत चालणाऱ्या नेटवर्कवर नवे ॲप उतरवून घ्यायला कोण बसणार? या वेब ॲपच्या मुळाशी आहे सर्व्हिस वर्कर. पान आणि नेटवर्क यांच्या मधोमध बसणारी ही जावास्क्रिप्ट पानाचा सांगाडा फोनमध्ये जपून ठेवते. पुढच्या वेळी रेंज गेली तरी पान उघडते.

अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये ही सोय तेव्हा होती. आयफोनच्या सफारीत ती यायला 2018 उजाडले, आणि वेब ॲपला तिथे सूचना पाठवता आल्या त्या थेट मार्च 2023 मध्ये. म्हणून वेब ॲप करू म्हणणाऱ्याला मी आधी एकच विचारतो: तुमचे ग्राहक कोणत्या ब्राउझरमध्ये आहेत?