आधी दहावीचं गणित सांभाळा

ठाण्याजवळच्या शीळफाट्यावरून मुंब्रा, कल्याण, महापे, पनवेल असे चार रस्ते फुटतात. चुकलात तर मोठा वळसा पडतो. दहावीनंतरच्या शाखेचं तसं नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाला कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो. ‘कलेक्टर व्हायचं तर आर्ट्सच’ हा समज त्यामुळे निराधार.

खरी ठेच लागते ती गणिताला. आयोगाच्या पूर्वपरीक्षेतल्या सीसॅट या पेपरात किमान 33 टक्के हवेत आणि त्यातलं अंकगणित दहावीच्या पातळीचं असतं. मुख्य परीक्षेत 1750 पैकी 500 गुण वैकल्पिक विषयाचे; तो पदवीचाच असावा असं बंधन नाही, मराठी साहित्यही घेता येतं. भारतीय भाषेच्या 300 गुणांच्या पेपरात 25 टक्के मिळाले नाहीत, तर बाकीच्या पेपरांचे गुण विचारात घेतलेच जात नाहीत. शाळेत मराठीला दुय्यम समजणाऱ्यांनी हे वाचावंच!

शाखा आड येत नाही, याचं जुनं उदाहरण म्हणजे चिंतामणराव देशमुख. त्यांनी मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती मिळवली, केंब्रिजला वनस्पतिशास्त्र शिकले आणि 1918 साली आयसीएस या इंग्रजांच्या काळातल्या सनदी सेवेच्या परीक्षेत पहिले आले. ठाणे महापालिकेची स्पर्धा परीक्षांची प्रशिक्षण संस्था त्यांच्याच नावाची आहे. शीळही याच महापालिकेत. महागड्या क्लासची फी भरण्याआधी तिथे चौकशी करा.