भेंडवळचा घट आणि झेंगमधली आग

अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी सकाळपासून माझ्या फोनवर भेंडवळ येऊन पडते. जळगाव जामोद तालुक्यातलं हे गाव. चंद्रभान महाराज वाघ यांनी सुरू केलेली तिथली घटमांडणी साडेतीनशे वर्षांची म्हणून सांगतात. शेतात गोल आखून अठरा धान्यं मांडायची, मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर पाण्याची घागर, घागरीवर पुरी, पापड, सांडई, कुरडई, आणि राजाचा म्हणून पानविडा. रात्री तिथे कुणी थांबायचं नाही. पहाटे कुठला दाणा सरकला, कुठलं ढेकूळ भिजलं, यावरून पाऊसपाणी, पिकं आणि देशाची गादी सांगायची.

रात्रीचा वारा, मुंग्या, उंदीर यांचं नाव काढलं की हल्ली एक ठरलेलं उत्तर येतं, तेही शिकल्यासवरल्या माणसांकडून: "सर, चिनी लोकायनं तं अख्खं आय चिंग लिहून ठेवलं. कन्फ्यूशियस बी मानत होता. ते काय येडे होते?"

येडे नव्हते. म्हणून तर ते काय म्हणाले हे आधी वाचावं, मग त्यांना साक्षीला बोलवावं.

आय चिंग मुळात शकुनाचाच ग्रंथ, हे खरं. कन्फ्यूशियसनं तो इतका चाळला की बांधणीची वादी तीनदा तुटली, ही गोष्टही प्रसिद्ध आहे. पण इतिहासकार सिमा च्येननं ती त्याच्यानंतर साडेतीनशेहून जास्त वर्षांनी लिहिली. त्याची वचनं शिष्यपरंपरेनं जपली त्या 'लुन यू'चं सातवं प्रकरण उघडा: गुरुजी अद्भुत गोष्टी आणि भुताखेतांबद्दल बोलत नसत, अशी नोंद आहे. सहाव्यात त्यांनी शहाणपणाची व्याख्या केली आहे: माणसांप्रतीचं कर्तव्य करावं, देवा-पितरांना मान द्यावा आणि अंतर राखावं. त्याच परंपरेतला इसवीसनपूर्व तिसऱ्या शतकातला शुन्झी तर म्हणतो, आय चिंग ज्याला खरं कळलं तो कौल लावत बसत नाही.

आता 'झुओ झुआन' या जुन्या इतिहासग्रंथातला प्रसंग. झेंग राज्यात पी झाओ नावाच्या ज्योतिष्यानं आगीचं भाकीत केलं आणि ती टाळण्याच्या विधीसाठी दरबाराची जेडची भांडी मागितली. मुख्यमंत्री झीचाननं दिली नाहीत. पुढच्या वर्षी, इ.स.पू. ५२४ मध्ये, खरंच आग लागली! ज्योतिषी म्हणाला, अजून ऐका, नाहीतर पुन्हा पेटेल. लोक घाबरले, भांडी द्या म्हणून मागे लागले. झीचान हलला नाही. आकाशाची वाट लांबची, माणसाची जवळची. हा गृहस्थ इतकं बोलतो, त्यातलं काहीतरी खरं निघणारच, असं त्याचं म्हणणं. दुसरी आग लागली नाही.

भाकीत खरं ठरल्यावरही नकार द्यायला किती धाडस लागलं असेल! आणि हा मंत्री नुसता वाद घालून घरी गेला नाही. जळालेल्या घरांची यादी केली, त्यांचा कर सोडला, बांधकामाला लाकूड दिलं. आपल्या भाषेत पंचनामा, सारामाफी, घरकुल. अग्नीच्या आणि पाण्याच्या देवतेचे विधीही त्यानं करवले, हे लपवायचं कारण नाही.

त्या विधींचा अर्थ शुन्झीनं पुढे सांगितला. पावसासाठी अनुष्ठान केलं आणि पाऊस आला, याचा अर्थ काय? काहीच नाही, न करताही येतोच. विधी हा समाजाच्या भावनेचा अलंकार आहे. अलंकार समजलात तर शुभ, दैवी समजलात तर अशुभ. भेंडवळच्या शेतात माणसं जमतात, हंगामाची काळजी वाटून घेतात, यावर शुन्झीनं बोट ठेवलं नसतं. त्या दाण्यावर पेरणी ठरवणाऱ्याला मात्र त्यानं अडवलं असतं.

आजच्या नीतिविचाराला उपयोगी पडतं ते हेच: आधी माणसाच्या जवळच्या वाटेकडे पाहणं. जुलै २०२३ च्या अतिवृष्टीत जळगाव जामोद-संग्रामपूर भागात पाणी शिरलं, तेव्हा विचारायचं होतं ते हे की पंचनामा कधी, मदत कुणाला आणि नाल्यात बांधकाम होऊ दिलं कुणी. 'वर्षच तसं होतं' म्हटलं की हे सगळे सुटतात.

चिनी विचारांबद्दलचे बाकीचे गैरसमज थोडक्यात.

कन्फ्यूशियस म्हणजे आईबापांचं मुकाट ऐकणं: नाही, ते चुकत असतील तर नम्रपणे सांगावं, हे 'लुन यू'च्या चौथ्या प्रकरणातच आहे.

लाओत्से काही करू नका म्हणतो: ओढूनताणून करू नका म्हणतो, आळसाला ती सबब चालत नाही.

चिनी नीती घरापुरती: मोझीनं सर्वांविषयी सारखीच आस्था ठेवा म्हणत याच मुद्द्यावर कन्फ्यूशियसच्या अनुयायांशी भांडण मांडलं होतं.

दिवाणखान्यातलं फेंगशुईचं कासव म्हणजे चिनी तत्त्वज्ञान: ते दुकानात मिळतं, एवढंच.

आणि दाण्यालाच विचारायचं असेल, तर सोपी रीत आहे. घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा आणि आठवडाभरानं मोजा. सत्तर उगवले तर बियाणं पेरण्याजोगं. मग ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडेपर्यंत थांबा. याही मांडणीत रात्री कुणी राखण बसत नाही. सकाळी मोजायला मात्र आपणच जायचं.